पाण्यातल्या सँपलला ईएसआयमध्ये सिग्नल का येत नाही? नेहमी येणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं

"सँपल पाण्यातलं आहे, पीक येत नाही, काय करू?" हा मेसेज आठवड्यातून दोनदा तरी येतोच, कधी ताळगावच्या पठारावरून (गोवा विद्यापीठातून) एमएस्सीच्या पोरांचा, कधी वेर्ण्याच्या कंपन्यांतल्या क्यूसीवाल्यांचा (गुणवत्ता तपासणाऱ्यांचा), कधी नदीचं पाणी बाटलीत भरून थेट दारात उभं राहणाऱ्यांचा. तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून सगळं इथे एकत्र टाकतेय. ईएसआय म्हणजे इलेक्ट्रोस्प्रे आयनायझेशन, मास स्पेक्ट्रोमीटर (मास स्पेक) या रेणूंचं वजन मोजणाऱ्या मशीनला द्रवातले आयन पुरवायची पद्धत, आणि पीक म्हणजे मशीनच्या आलेखावरचा उंचवटा. प्रश्न आले तसेच ठेवलेत, फक्त "प्लीज अर्जंट आहे मॅडम" तेवढं काढलंय. एकदा लिहिलेलं परत लिहिलेलं नाही, तिथे प्रश्नाचा नंबर दिलाय.

१. ईएसआयमध्ये नेमकं होतं काय? पुस्तकातलं नको, साधं सांगा.

मास स्पेकला द्रव कळत नाही, त्याला हवेत सुटलेले चार्जवाले आयन लागतात. मग द्रवातून आयन बाहेर काढायचं काम सोर्समधली सुई करते. सुई आणि मशीनचं तोंड यांच्यात काही हजार व्होल्ट असतात, त्यामुळे सुईच्या टोकावरचा द्रव ओढला जाऊन शंकूसारखा होतो, त्याला टेलर कोन म्हणतात, आणि त्या शंकूच्या टोकातून चार्ज असलेले बारीक थेंब सुटतात. गरम नायट्रोजनमध्ये थेंब सुकत जातो, चार्ज मात्र तेवढाच राहतो, म्हणजे लहान होत जाणाऱ्या खोलीत माणसं तेवढीच. एका मर्यादेला, जिला रेली लिमिट म्हणतात, थेंब फुटतो, त्याचे आणखी लहान थेंब होतात, ते परत सुकतात परत फुटतात, आणि शेवटी तुमचा रेणू चार्ज घेऊन एकटा उरतो. माल्कम डोल यांनी १९६८ मध्ये ही वाट धरली आणि जॉन फेन यांनी ती मोठ्या प्रोटीनपर्यंत नेली, २००२ च्या केमिस्ट्रीच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

म्हणजे सगळा खेळ थेंबाचा आहे. खालची जवळजवळ सगळी उत्तरं "थेंबाला सुकायला आणि फुटायला सोपं करा" इथेच येऊन टेकतात.

२. तेच कंपाउंड मिथेनॉलमध्ये मस्त दिसतं, पाण्यात गायब. असं का?

पावसात कौलाच्या टोकाला लोंबकळणारा थेंब बघितलाय ना, सुटता सुटत नाही. तो धरून ठेवणारा पृष्ठताण पाण्याचा फार जास्त आहे. २५ अंशाला पाण्याचा ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर, अ‍ॅसिटोनायट्राइलचा साधारण २९ आणि मिथेनॉलचा २२ च्या आसपास. पृष्ठताण जास्त म्हणजे शंकू ओढायला जास्त व्होल्टेज लागतं. एका ठरावीक सुईसाठी काढलेले आकडे असे आहेत: मिथेनॉलला २.२ केव्ही (किलोव्होल्ट), अ‍ॅसिटोनायट्राइलला २.५, पाण्याला ४. तुमच्या सुईला आकडे वेगळे येतील पण क्रम हाच राहील.

त्यात सुकण्याचा भाग वेगळाच. पाणी १०० अंशाला उकळतं, मिथेनॉल ६५ ला, आणि एक किलो पाणी वाफ करायला जेवढी उष्णता लागते तिच्या निम्म्यात एक किलो मिथेनॉल उडून जातं. म्हणून पाण्याचा थेंब मोठा सुटतो, हळू सुकतो, कमी वेळा फुटतो, आणि बराचसा माल आयन न होता तसाच थेंबासकट वेस्टमध्ये जातो. कंपाउंड गायब नाही झालेलं, थेंबाच्या पोटात अडकलंय.

३. मग व्होल्टेज वाढवलं की झालं की!

नाही. आणि ही चूक मी स्वतः केली आहे म्हणून जरा सविस्तर सांगते. नवीन होते तेव्हा, शंभर टक्के पाण्यातलं सँपल, निगेटिव्ह मोड (ऋण चार्जचे आयन बघायचा, पॉझिटिव्ह म्हणजे धन चार्जचे), सिग्नल काही येईना, म्हणून अर्धा अर्धा केव्ही करत वर नेत गेले. सिग्नल आला, मी खूश. मग तो उड्या मारायला लागला. संध्याकाळी लाइट गेली, यूपीएसवर मशीन चालू, खोलीत अंधार, आणि सोर्सच्या काचेतून सुईच्या टोकाला छोटासा निळसर जांभळा ठिपका दिसला, अगदी काजव्याएवढा. दुसऱ्या दिवशी सुई काढली तर टोक काळं पडलेलं.

तो कोरोना डिस्चार्ज. व्होल्टेज इतकं झालं की द्रव ओढायच्या ऐवजी हवाच चार्ज व्हायला लागली. पाण्याचं दुखणं हेच की स्प्रे सुरू व्हायला लागणारं व्होल्टेज आणि डिस्चार्ज सुरू व्हायचं व्होल्टेज जवळजवळ येऊन बसतात, मधे जागाच उरत नाही. निगेटिव्हमध्ये तर आणखी लवकर होतं, कारण सुईतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात.

अंधार करून बघायची गरज नाही, तसंही ओळखता येतं. स्प्रे करंट एकदम काही मायक्रोअँपवर उडी मारतो. पॉझिटिव्हमध्ये कमी वजनाच्या बाजूला ५५, ७३, ९१ असे अठरा अठराच्या अंतराने पाण्याचे क्लस्टर वर येतात. कंपाउंडला प्लस १६ चे ऑक्सिडेशनचे पीक यायला लागतात, जे सँपलमध्ये नव्हतेच. असं दिसलं की व्होल्टेज खाली आणा, वर नाही. मी पाणी जास्त असेल तेव्हा पॉझिटिव्हमध्ये ३ च्या आसपास आणि निगेटिव्हमध्ये २.५ च्या आसपास सुरुवात करते आणि उरलेलं काम गॅस आणि सॉल्व्हंटकडून करून घेते (प्रश्न ४ आणि ७).

४. सँपलमध्ये ऑरगॅनिक (मिथेनॉलसारखं सॉल्व्हंट) घालायचं तर किती? ५० टक्के घातलं तर सँपल निम्मं पातळ नाही का होणार?

होणार, आणि तरी सिग्नल बहुतेक वेळा वाढेल. पृष्ठताण सरळ रेषेत उतरत नाही, पहिल्या थोड्या टक्क्यांतच धपकन खाली येतो. वजनाने १० टक्के मिथेनॉल घातलं तर ७२ चा साधारण ५६ होतो, २० टक्क्यांना ४७. आयसोप्रोपॅनॉल त्याहून जोरदार, १० टक्क्यांतच ४० पर्यंत आणि २० टक्क्यांना ३० च्या जवळ. म्हणजे थेट इन्फ्युजन करताना (कॉलमशिवाय सिरिंजने सँपल सरळ सोर्समध्ये सोडताना) थोडं आयसोप्रोपॅनॉल घातलंत तरी स्प्रे शांत होतो. फक्त ते जरा घट्ट असतं, एलसीमध्ये (लिक्विड क्रोमॅटोग्राफी, म्हणजे कॉलममधून सोडून कंपाउंडं वेगळी करणं) घातलं की पाण्याबरोबर प्रेशर चढतं.

आमच्याकडे एकदा काजूची फेणी आणि विहिरीचं पाणी एकाच दिवशी आलेलं. फेणी नुसती पातळ करून टाकली तरी स्प्रे पहिल्या मिनिटापासून सरळ, आणि विहिरीचं पाणी अर्धा तास नाचवत होतं. फेणीत इथेनॉल आधीच आहे, बाकी जादू काही नाही.

एक काळजी घ्या. ऑरगॅनिक घातल्यावर प्रोटीन आणि काही क्षार खाली बसतात, व्हायलमध्ये (सँपलच्या छोट्या बाटलीत) धुरकट दिसलं तर तसंच टाकू नका, सेंट्रिफ्यूज करून वरचं घ्या. नाहीतर सुई बंद आणि मग मला फोन.

५. एलसीमध्ये माझा पीक दुसऱ्या मिनिटाला येतो, तेव्हा मोबाइल फेज (कॉलममधून वाहणारा द्रव) ९५ टक्के पाणी असतो. आता ऑरगॅनिक कुठून आणू?

तीन वाटा आहेत. पहिली, पीकच उशिरा आणा. जास्त धरून ठेवणारा कॉलम घ्या म्हणजे कंपाउंड जास्त ऑरगॅनिकमध्ये बाहेर येईल, सिग्नल आपोआप सुधारतो आणि मिठापासूनही लांब जातो. दुसरी, कंपाउंड फार पोलर (पाण्यात रमणारं) असेल तर हिलिक, म्हणजे पोलर कंपाउंड धरून ठेवणारा वेगळ्या प्रकारचा कॉलम. तिथे सुरुवातच ८०-९० टक्के अ‍ॅसिटोनायट्राइलमध्ये होते, ईएसआयला ते आवडतं. पण हिलिकला सँपल पाण्यात असलेलं अजिबात चालत नाही, म्हणजे तुमच्या पाण्याच्या सँपलचं आधी अ‍ॅसिटोनायट्राइल करावं लागेल, हे कोणी आधी सांगत नाही.

तिसरी, कॉलमनंतर टी (तीन तोंडांचा जोड) लावून छोट्या पंपाने मिथेनॉल किंवा आयसोप्रोपॅनॉल सोडायचं. सेपरेशनला हात लागत नाही, थेंबाला मात्र मदत मिळते. टी आणि सोर्समधली नळी आखूड आणि बारीक ठेवा, नाहीतर पीक पसरेल. ईएसआय साधारण कॉन्सन्ट्रेशन बघतो, त्यामुळे ढीगभर सोडून उपयोग नाही, फ्लोच्या पाव ते अर्धा एवढ्यापासून ट्राय करा.

शंभर टक्के पाण्यावर साधा सी-१८ (नेहमीचा, पाणी नको असणारा कॉलम) चालवू नका, कॉलमच्या छिद्रांतून पाणी बाहेर ढकललं जातं आणि रिटेन्शन (कंपाउंड धरून ठेवणं) कोसळतं. त्यासाठी वेगळे कॉलम मिळतात.

६. तुम्ही सांगितलं म्हणून सँपलमध्ये ५० टक्के मिथेनॉल घातलं, आता पीकच दोन झाले.

मी ते इन्फ्युजनसाठी सांगितलेलं! एलसीमध्ये सँपलचा सॉल्व्हंट मोबाइल फेजपेक्षा जोरदार असला की पोलर कंपाउंड कॉलमच्या तोंडाशी थांबतच नाही, अर्धं पुढे पळतं. इंजेक्शन २ मायक्रोलिटरवर आणा किंवा सँपल पाण्यातच ठेवा आणि ऑरगॅनिक कॉलमनंतर द्या (प्रश्न ५).

७. गॅस आणि टेंपरेचर किती ठेवायचं?

पाणी जास्त म्हणजे गॅस जास्त आणि तापमान जास्त, ही दिशा. आकडा मात्र कंपनीगणिक वेगळा, कारण एकाचं "३५०" हे गॅसचं तापमान असतं तर दुसऱ्याचं हीटरचं. मैत्रिणीच्या लॅबमधले आकडे कॉपी करू नका.

ट्यूनिंग करताना एक गोष्ट जवळजवळ सगळे चुकतात. स्टँडर्ड (माहीत असलेल्या प्रमाणातलं शुद्ध कंपाउंड) मिथेनॉलमध्ये करतात, सिरिंज पंपाने मिनिटाला १० मायक्रोलिटर सोडून सोर्स सेट करतात, आणि मग खरी मेथड ९० टक्के पाण्यावर ४०० मायक्रोलिटरने चालवतात. ती सेटिंग दुसऱ्याच थेंबाची आहे. त्यापेक्षा एलसी चालू ठेवा, पीक येतो त्या वेळचंच पाणी-ऑरगॅनिक प्रमाण ठेवा, त्याच फ्लोवर टीमधून स्टँडर्ड सोडा, आणि मग आधी नेब्युलायझर (द्रव फवारणारा गॅस), मग सुकवायचा गॅस, मग तापमान, शेवटी व्होल्टेज असं एकेक हलवा. सुईची जागासुद्धा बघा, फ्लो जास्त असेल तर सुई तोंडापासून थोडी लांब आणि बाजूला, म्हणजे मोठे थेंब आत जाणार नाहीत. बेसलाइनला मधेच सुयांसारखे स्पाइक दिसले तर न सुकलेले थेंब आत जातायत असं समजा.

उष्णतेने तुटणारं कंपाउंड असेल, ग्लुकुरोनाइडसारखं, तर तापमान वाढवताना तुटलेल्या तुकड्याचा पीकही बघत चला.

८. मांडवीचं पाणी गाळून थेट टाकलं तर चालेल का? फक्त स्क्रीनिंग करायचंय.

गाळल्याने गाळ जातो, मीठ जात नाही. हा प्रश्न इतका येतो की पूर्ण हिशेब मांडते.

समुद्राच्या पाण्यात लिटरला साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं. तुम्ही शोधताय ते औषध किंवा कीटकनाशक समजा लिटरला १०० नॅनोग्रॅम आहे. मीठ त्याच्या ३५ कोटी पट झालं. थेंब सुकतो तेव्हा पृष्ठभागावरच्या जागेसाठी आणि चार्जसाठी मारामारी होते, आणि समोर ३५ कोटी पट गर्दी असताना तुमच्या रेणूला कोण विचारतंय. याला आयन सप्रेशन म्हणतात. शिवाय १० मायक्रोलिटरच्या एका इंजेक्शनमध्ये ०.३५ मिलिग्रॅम मीठ जातं, शंभर इंजेक्शनांत ३५ मिलिग्रॅम. मशीनच्या तोंडावरचा धातूचा कोन उघडून बघा, मिठागराच्या कडेला जमतो तसा पांढरा थर दिसतो.

पाणी आटवून कॉन्सन्ट्रेट करणं हाही उपाय नाही, पाण्याबरोबर मीठही तेवढंच घट्ट होतं. करायचं ते एसपीई (सॉलिड फेज एक्स्ट्रॅक्शन), म्हणजे पाणी कार्ट्रिजमधून सोडून कंपाउंड त्यात अडकवायचं आणि मग सॉल्व्हंटने काढून घ्यायचं. विरघळलेलं सेंद्रिय द्रव्य बघायचं असेल तर पाणी हायड्रोक्लोरिक आम्लाने पीएच २ ला आणतात, पीपीएल कार्ट्रिज मिथेनॉलने भिजवून त्यातून सोडतात, मग आम्ल घातलेल्या पाण्याने मीठ धुतात, नायट्रोजनने कोरडं करतात आणि मिथेनॉलने काढतात. औषधं, कीटकनाशकं असतील तर एचएलबीसारखं कार्ट्रिज बरं, पीएच कंपाउंड बघून ठरवायचा. दोन्हीकडे एका दगडात दोन पक्षी: मीठ जातं आणि सँपल आयतंच मिथेनॉलमध्ये येतं. धुवायचं पाणी वाचवू नका, घाई इथेच नडते.

एसपीईनंतरही थोडं मीठ राहतंच, ते कॉलमवर थांबत नाही, सगळ्यात आधी बाहेर येतं. पहिलं दीड-दोन मिनिट डायव्हर्ट व्हॉल्व्ह (द्रव मशीनऐवजी दुसरीकडे वळवणारा) वेस्टकडे ठेवा. मशीनला व्हॉल्व्ह असतो, बहुतेकांनी तो कधी वापरलेलाच नसतो.

आता खास आपल्याकडची गोष्ट. मे महिन्यात पणजीजवळ मांडवी जवळजवळ समुद्रच असते, आणि जुलैत पावसाने वरचा थर इतका गोडा होतो की तेच ठिकाण, तीच बाटली, पण मॅट्रिक्स (कंपाउंडभोवतीचं बाकीचं सगळं) पार वेगळं. मे महिन्यात व्हॅलिडेट केलेली मेथड जुलैत जास्त आकडा दाखवते आणि लोक निष्कर्ष काढतात की पावसात प्रदूषण वाढलं. वाढलंही असेल, पण आधी सप्रेशन किती बदललं ते बघा (प्रश्न १३). खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) मानशीजवळचं (पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचं) सँपल घेत असाल तर भरती-ओहोटीची वेळ आणि क्षारता बाटलीवर लिहाच.

९. माझा पीक एम प्लस एच ला (रेणूचं वजन अधिक एक प्रोटॉन) नाही, २२ ने पुढे आहे. कंपाउंड चुकलं का?

बहुतेक सोडियम. हायड्रोजनच्या जागी सोडियम बसलं की २२ ने वर, पोटॅशियम ३८ ने, अमोनियम १७ ने. सोडियम सँपलमधूनच येतं असं नाही, काचेच्या बाटलीतून येतं, व्हायलमधून येतं, बोटाच्या घामातूनही येतं, आणि आपल्या हवेत घाम काय कमी आहे का. पॉलिप्रोपिलीनच्या व्हायल वापरा, मोबाइल फेजमध्ये थोडं अमोनियम फॉर्मेट किंवा फॉर्मिक अ‍ॅसिड ठेवा.

अपवाद साखरेचा. तिला प्रोटॉन धरायला आवडतच नाही, सोडियमसोबतच ती छान दिसते, तिथे भांडू नका. फक्त सोडियमवाला आयन नीट तुटत नाही, म्हणून एमएस-एमएस (आयन तोडून त्याचे तुकडे बघणं) करायचं असेल तर अमोनियमचा अ‍ॅडक्ट बघा.

१०. आमची फार्माकोपियाची मेथड फॉस्फेट बफरची आहे, तीच मास स्पेकवर लावू का?

नको हो. फॉस्फेट उडत नाही, सोर्समध्ये दगड होऊन बसतो. जे वाफ होऊन जातं तेच चालतं: फॉर्मिक किंवा अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड, अमोनियम फॉर्मेट, अमोनियम अ‍ॅसिटेट, अमोनियम बायकार्बोनेट, अमोनिया. तेही ५ ते १० मिलिमोलर पुरे. ट्रिस, हेपीस, पीबीएस, एसडीएस यातलं काही सँपलमध्ये असेल तर आधी काढा.

दोन जण उडतात पण तरी त्रास देतात. टीएफए (ट्रायफ्लुओरोअ‍ॅसेटिक अ‍ॅसिड) पीकचा आकार सुंदर करतो, पण रेणूबरोबर घट्ट जोडी जमवून पॉझिटिव्हचा सिग्नल खातो. सोडवत नसेल तर कॉलमनंतर प्रोपिऑनिक अ‍ॅसिड आणि आयसोप्रोपॅनॉलचं मिश्रण सोडतात, ही जुनी युक्ती १९९० च्या दशकापासून आहे आणि चालते. दुसरा ट्रायइथिलअमाइन. एकदा गेला की १०२ चा पीक भाड्याच्या घरातल्या जुन्या भाडेकरूसारखा, निघता निघत नाही. तो वापरायची पाळी आलीच तर त्या एलसीच्या नळ्या कायमच्या वेगळ्या ठेवा.

११. निगेटिव्ह मोडला फॉर्मिक अ‍ॅसिड घातलेलं चालतं का? की पीएच वाढवायलाच हवा?

नियम म्हणून आम्ल पॉझिटिव्हला, आल्कली निगेटिव्हला. पण नियम ढिला आहे. बेसिक कंपाउंड अमोनिया घातलेल्या पीएच १० च्या पाण्यातही प्रोटॉन घेऊन मस्त दिसतं, आणि तिथे ते कॉलमवर जास्त थांबतं म्हणून जास्त ऑरगॅनिकमध्ये बाहेर येतं, म्हणजे डबल फायदा. याला उलट्या वाटेचं आयनीकरण म्हणतात. बाटलीतला पीएच आणि थेंबातला पीएच एक नसतो असं आमच्यातला एक जण म्हणायचा, ते लक्षात राहिलंय.

निगेटिव्हमध्ये फॉर्मिक ०.१ टक्का बऱ्याच जणांना दाबतं, ०.०१ करून बघा. स्टेरॉइडसारख्या हट्टी कंपाउंडला एक मिलिमोलरच्या आसपास अमोनियम फ्लोराइडने चांगली उचल मिळते. फक्त ते आम्लाबरोबर मिसळू नका, हायड्रोफ्लोरिक तयार होतं, काच आणि माणूस दोघांनाही वाईट.

१२. प्रोटीन घडी न मोडता बघायचंय, म्हणजे ऑरगॅनिक घालताच येत नाही. मग?

इथे प्रश्न ४ चं उत्तर विसरा. नेटिव्ह एमएसला (प्रोटीन मूळ घडीत ठेवून बघण्याला) १०० ते २०० मिलिमोलर अमोनियम अ‍ॅसिटेट वापरतात, सँपल स्पिन कॉलमने त्यात दोन-तीनदा बदलून घ्यायचं. ते पीएच ७ ला खरं म्हणजे बफर नाहीच, त्याची ताकद ४.७५ आणि ९.२५ च्या आसपास आहे, पण उडतं आणि मिठाची ताकद देतं म्हणून चालवून घेतात.

आणि सुई लहान करायची. नॅनो-ईएसआय १९९० च्या दशकात विल्म आणि मान यांनी पुढे आणलं. सुईचं टोक एक-दोन मायक्रॉन आणि फ्लो मिनिटाला २०-५० नॅनोलिटर. थेंब सुटतानाच इतका लहान असतो की फुटायला फार काही राहत नाही आणि त्याच्या वाट्याला मीठही कमी येतं. शुद्ध पाण्याचा स्प्रे शांतपणे चालतो तो इथेच. पण रोज पन्नास नदीच्या सँपलसाठी नॅनो घेऊ नका, सुया बंद पडून जीव जाईल.

चार्ज वाढवायचा असेल तर मेटा-नायट्रोबेंझाइल अल्कोहोल किंवा सल्फोलेन किंचित घालतात, पण जास्त झालं की घडी सुटते. पेप्टाइडवाल्यांसाठी वेगळी टीप, मोबाइल फेजमध्ये ५ टक्के डीएमएसओ घातल्याने सिग्नल वाढतो हे २०१३ मध्ये दाखवलं गेलंय.

१३. सप्रेशन होतंय हे ओळखायचं कसं? रिकव्हरी (घातलेल्यापैकी परत मिळालेलं) तर ६० टक्के आली, म्हणजे एसपीई खराब ना?

तेच तर कळत नाही या आकड्यावरून. ६० टक्के म्हणजे ४० टक्के कार्ट्रिजमध्ये राहिलं असेल किंवा सगळं बाहेर आलं पण मशीनमध्ये दबलं असेल. दोन्ही वेगळे काढायला स्टँडर्ड तीन ठिकाणी घाला: एकदा एसपीईच्या आधी, एकदा एसपीई झालेल्या अर्कात, एकदा नुसत्या सॉल्व्हंटमध्ये. पहिल्या दोघांतला फरक एसपीईचा, शेवटच्या दोघांतला फरक सप्रेशनचा.

डोळ्यांनी बघायचं असेल तर टीमधून स्टँडर्ड सतत सोडत राहा आणि कॉलमवर ब्लँक नदीच्या पाण्याचा अर्क इंजेक्ट करा. सरळ रेषेत जिथे खड्डा पडेल तिथे सप्रेशन. तुमचा पीक खड्ड्यात असेल तर ग्रेडियंट (एलसीत ऑरगॅनिक वाढवत न्यायचा क्रम) हलवा. आणि एकदम फुकटची टेस्ट: अर्क दहापट पातळ करा. सिग्नल दहापट उतरायच्या ऐवजी चारपटच उतरला तर दबत होता.

आयसोटोपवाला इंटर्नल स्टँडर्ड (तेच कंपाउंड, फक्त काही अणू जड, सँपलमध्येच घालायचं) परवडला तर घ्याच. ड्युटेरियमवाला कधी कधी कॉलमवर जरासा आधी येतो आणि खड्ड्याच्या काठावर बसतो, कार्बन-१३ वाला बरोबर सोबत येतो पण महाग.

१४. पीफास (पाण्यातली फ्लोरीनवाली रसायनं) करतोय. स्प्रे छान, पण पाण्यातला स्टँडर्ड दर इंजेक्शनला कमी होत जातो.

हा उलटा प्रकार. पीफॉससारखे (पीफासपैकीच एक) रेणू स्वतःच साबणासारखे, थेंबाच्या पृष्ठभागावरच बसतात, त्यामुळे पाण्यातसुद्धा त्यांना ईएसआय आवडतं. पण पृष्ठभाग आवडतो म्हणजे व्हायलचाही आवडतो! लांब साखळीवाले व्हायलच्या भिंतीला चिकटतात आणि सुईला वरचं पाणीच मिळतं. व्हायलमध्ये निम्म्याच्या आसपास मिथेनॉल ठेवा, बाटलीतून थोडंच पाणी ओतून घेऊ नका, पूर्ण बाटली वापरा आणि रिकामी बाटलीही मिथेनॉलने धुऊन ते त्यात घाला. ब्लँकमध्येही पीक येत असेल तर एलसीच्या टेफ्लॉनच्या नळ्या आणि झाकणाचं अस्तर बघा.

१५. खाणपट्ट्यातल्या विहिरीत लोह किती आहे हे यावर निघेल का? आणि किनाऱ्यावरचे टारबॉल (तेलाचे डांबरी गोळे)?

दोन्ही नाही. धातूंना आयसीपी-एमएस किंवा एएएस, ती धातू मोजायची वेगळी मशीन. टारबॉलमधले हायड्रोकार्बन चार्जच घेत नाहीत, त्यांना जीसी-एमएस (वाफ करून वेगळं करणारं मास स्पेक). ईएसआय सगळ्या रोगांवर औषध नाही.

१६. ब्लँकमध्येच जंगल दिसतंय. पाणी तर बाटलीबंद वापरलं.

बाटलीबंद पिण्याचं पाणी? त्यात मिनरल आहेत म्हणूनच चव आहे. एलसीएमएस ग्रेडचं घ्या किंवा १८.२ मेगाओमचं ताजं, त्याच दिवशीचं. ४४ च्या अंतराने शिडी दिसली तर पीईजी (पॉलिइथिलीन ग्लायकॉल), म्हणजे कोणीतरी बाटली साबणाने घासली. ३९१.२८ म्हणजे प्लास्टिकमधलं थॅलेट, ४४५.१२ म्हणजे सिलिकॉन, ३३८.३४ म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीतलं एरुकामाइड. मोबाइल फेजच्या बाटल्या साबणाने धुऊ नका, नुसत्या सॉल्व्हंटने धुवा. आमच्याकडे लॅबच्या नवीन मामांनी (मदतनिसांनी) एकदा प्रेमाने सगळ्या बाटल्या लख्ख घासून ठेवल्या होत्या, आठवडा गेला.

१७. जून ते सप्टेंबर सिग्नल रोज वेगळा. मशीनवाले म्हणतात सगळं ठीक.

आम्हालाही एका सर्व्हिसवाल्याने तीन वेळा येऊन हेच सांगितलं आणि तीन वेळा बिल दिलं. शेवटी सापडलं ते कॉम्प्रेसरमध्ये. पावसात हवा इतकी दमट की नायट्रोजन जनरेटरच्या आधीच्या एअर टँकमध्ये पाणी साठत होतं आणि ऑटो ड्रेन गंजून बंद. खालचा कॉक उघडला तर पेलाभर तांबूस पाणी. आता पावसाळ्यात रोज सकाळी हाताने ड्रेन करतो आणि सुकवायचे फिल्टर मे अखेरीस बदलतो.

दुसरं, पाण्याच्या मोबाइल फेजमध्ये शेवाळ आणि बॅक्टेरिया. नुसतं पाणी किंवा पाण्यातला बफर दोन-तीन दिवसांवर ठेवू नका, उन्हात तर नाहीच. ५ टक्के मिथेनॉल घातलं तर जरा टिकतं. जुन्या बाटलीत नवीन पाणी "टॉप अप" करू नका, बाटली रिकामी करून धुऊन भरा. तिसरं, लाइट. एक सेकंदाचा झटका आला तरी सोर्सचा हीटर गार होतो आणि सॉफ्टवेअर हिरवंच दाखवतं, अर्धा तास स्थिर होऊ द्या आणि मग एक स्टँडर्ड मारून बघा.

१८. सगळं केलं, तरी स्प्रे तुटतोय. कुठून सुरू करू?

आधी कॉलम काढा, युनियन लावा, निम्मं पाणी निम्मं मिथेनॉल आणि ०.१ टक्का फॉर्मिक सोडा, सँपल नको. स्प्रे सरळ असेल तर मशीन ठीक, दोष पाण्यात किंवा सँपलमध्ये, प्रश्न ४ ला जा. तेव्हाही तुटत असेल तर पंपाचं प्रेशर बघा, हलत असेल तर हवा अडकलीय, डिगॅसर किंवा चेक व्हॉल्व्ह. प्रेशर स्थिर आणि तरी स्प्रे तुटतोय तर सुई. भिंगाखाली बघा, टोक वाकडं, काळं किंवा मीठ लागलेलं दिसेल, अर्धं पाणी अर्धं मिथेनॉलमध्ये सोनिकेट करा, नाही सुधारली तर बदला. सुई स्वस्त आहे, त्यापायी घालवलेले तीन दिवस नाही. नवी बसवताना किती बाहेर काढायची ते मॅन्युअलमध्ये बघून बसवा, अंदाजे नको, आणि व्होल्टेज बंद करून गॅस गार झाल्यावरच हात घाला.